काटीवाली लहान, काटीवाली मोठी

(गोंदियातलं उमेंद्रचं कॉम्प्युटरचं दुकान. मे महिन्यातली दुपार. त्याची मावशी शकुंतलाबाई आणि तिची सून हर्षा आमगावकडच्या खेड्यातून बसनं आल्या आहेत.)

शकुंतलाबाई : ह्या बाया कोन्या गावच्या होत गा, उमेंद्र?

उमेंद्र : कोणत्या, मावशी?

शकुंतलाबाई : ह्या, तुह्या टीव्हीतल्या. डोक्शावर टोपल्या पालथ्या घालून रोवून रायल्या.

उमेंद्र : टोपल्या नाहीत त्या, टोप्या आहेत. बाहेर देशातला फोटो आहे. सॅम्पल म्हणून टाकलाय. नंतर आपल्या बायांचा टाकू.

हर्षा : पण भाऊजी, वर तर आमचंच नाव आहे ना. 'शकुंतला रोवणी गट'. आणि खाली ह्या.

शकुंतलाबाई : आन् रोवून कशा रायल्या ते पाय. एका जागी सात-आठ काड्या. आमच्याकडं असा रोवला तर मालक धानाच्या बांधीवरूनच परत धाडते. दोन-तीन काड्या लागतेत, जास्त नाई.

उमेंद्र : मावशी, तुम्ही फोटोतल्या काड्या मोजता का? साइट बघा ना, साइट. रंग कसा आहे, अक्षरं कशी आहेत...

शकुंतलाबाई : ज्याले धान समजते त्याले काड्याच दिसतीन बापा. रंग त्याच्या कोन्या कामाचा?

हर्षा : भाऊजी, फोटोचं होईल नंतर. आमच्याकडे टाइम नाही. सोमवारी बाया आमच्या अंगणात जमणार. बावीस जणी. त्यांना काहीतरी दाखवावं लागेल, की जागेश्वर नसला तरी काम मिळते. नाही दाखवलं तर अर्ध्या त्याच्याच ट्रॉलीत जाऊन बसतील.

उमेंद्र : जागेश्वर म्हणजे तो ठेकेदार? आईच्या तोंडून नाव ऐकलंय.

शकुंतलाबाई : तोच. बारा साल त्याच्यासंग रोवना केला आमी. मांगच्या साली एकाच दिवशी दोन मालकाइले आमचा शब्द देऊन बसला. आन् सोता फोन बंद करून घरी. आमी दुपारवरी सडकेवर उभ्या. दोनी मालक येऊन आमालेच बोलून गेले. मी म्हटलं, झालं तेवढं बस. तर काय म्हनते मले, जा ना, कोन अडवून रायलं? फोन तर मलेच येतेत. तुमाले ओळखते कोन?

हर्षा : ते वाक्य आईंना अजून टोचते.

शकुंतलाबाई : टोचते नाई तं काय. खरं हाय ना ते. ओळखते कोन?

उमेंद्र : म्हणून तर साइट पाहिजे, मावशी.

शकुंतलाबाई : मले अजून पटून नाई रायलं. शेतकरी का मोबाइलात बाया धुंडते?

हर्षा : गावातला नाही धुंडत. शेती इथं आणि नोकरी दुसरीकडे, असे लोक धुंडतात. बिरसीला विमानाच्या शाळेजवळ ज्यांची चौदा एकर आहे, ते भिलाईला राहतात. मागच्या साली त्यांनी फेसबुकवर टाकलं होतं, रोवणीला बाया मिळतील का म्हणून. मी स्वतः पाहिलं. खाली जागेश्वरचा नंबर दिला होता कोणीतरी. गेलं कोण? आपणच. त्यांना वाटलं जागेश्वरच्या बाया आल्या.

शकुंतलाबाई : त्या बांधीत जळवा लई होत्या.

उमेंद्र : देखो वहिनी, सीधी बात. साइट बनवायचे तुमच्याजवळ तीन रस्ते आहेत. एक, फोकटवालं. दोन, ते विदेशी कंपनीचं, जे तुम्ही मोबाइलवर करून बसल्या. तीन, माझं. मी ज्या कंपनीचा एजंट आहे ते. पहिला साल तुम्हाला एक रुपया लागणार नाही. घरचं काम आहे.

हर्षा : फोकटवालं मी करून पाहिलं. अर्ध्या तासात झालं. दोन-तीन बायांना दाखवायला गेली, तर वर ही मोठी जाहिरात. 'पोट कमी करा, पंधरा दिवसांत.'

शकुंतलाबाई : मी म्हटलं, त्याले म्हना पंधरा दिवस आमच्यासंग रोवनीले ये. पोट बी जाते आन् पाठ बी जाते.

उमेंद्र : बरोबर. फोकटचं असंच राहते. मग विदेशीचं काय? उद्या बंद पडलं तर फोन कोणाला लावाल? अंग्रेजीत बोलाल का त्यांच्यासंग? माझं दुकान इथं आहे. रेल्वेतून उतरल्या की दहा मिनिटं. मावशी, तुम्हीच सांगा.

शकुंतलाबाई : तुह्यं दाखव आधी. समज, मी शेतकरी हाव. पाच एकर धान हाय माह्याकडं. आता काय करू?

उमेंद्र : हे बटन दाबायचं. 'आत्ताच बुक करा.' हां. आता इथं नाव, इथं फोन, इथं तारीख. बस. खतम.

शकुंतलाबाई : तारीख कोन टाकीन?

उमेंद्र : शेतकरी. ज्या दिवशी त्याला बाया पाहिजेत ती.

शकुंतलाबाई : त्याले काय मालूम? अरे, रोवन्याची तारीख शेतकरी नाई सांगत. पऱ्हे सांगतेत, धानाचे रोपं. पऱ्हे कवा टाकले ते पूस त्याले. वीस-पंचवीस दिवसाचे झाले का नाई? बांधी तलावाच्या पान्यावर हाय का बोरच्या? चिखल करून ठेवला का नाई? आमी हेच पुसतो अन् मंग दिवस देतो. कवळे पऱ्हे हात लावले का तुटतेत. नुसती तारीख घेऊन आमी तिथं गेलो आन् पऱ्हे चार बोटं असले, तर?

हर्षा : म्हणजे पुन्हा सडकेवर उभ्या.

उमेंद्र : पण कंपनीनं फॉर्म असाच ठेवलाय. त्यात बदल होत नाही. तारीख तर लागतेच.

हर्षा : आणि हे खाली काय लिहिलंय, भाऊजी? 'पाहुण्यांची संख्या'?

उमेंद्र : ते... ते असंच राहू द्या. शून्य टाकायला सांगायचं.

शकुंतलाबाई : पाहुने? चिखलात पाहुने बोलावून रायला का तू?

उमेंद्र : अरे मावशी, हा नमुना लग्नाच्या हॉलवाल्यांसाठी आहे. रोवणीवाल्यांसाठी आजवर कोणी साइट मागितलीच नाही, तर कंपनी कुठून देईल? मी त्यातल्या त्यात शेतीसारखा दिसणारा उचलला.

हर्षा : भाऊजी, रागावू नका, आणखी एक विचारते. वरती हा जो फोन नंबर आहे, तो कोणाचा?

उमेंद्र : दुकानाचा. का? तुम्ही चिखलात राहाल, फोन उचलणार कोण? मी उचलतो, लिहून घेतो, तुम्हाला सायंकाळी सांगतो. फायदा तुमचाच आहे.

शकुंतलाबाई : आन् आमचा तो पत्ता, जो मोबाइलात टाकाव लागते. तो?

उमेंद्र : त्यात आधी दुकानाचं नाव येते, मग तुमचं. सगळ्यांचंच तसं आहे. एका चाबीवर, म्हणजे एका पासवर्डवर, माझे चाळीस गिऱ्हाईक चालतात.

शकुंतलाबाई : चाबी तुह्याजवळ?

उमेंद्र : हां, म्हणजे माझ्याजवळच राहील ना. मी एजंट आहे.

शकुंतलाबाई : आन् उद्या तू दुकान बंद केलं? नाई तर तुह्यं आन् आमचं वाजलं?

उमेंद्र : मावशी, काय बोलता? मी परका आहे का?

शकुंतलाबाई : परका नाई, म्हनून तर तोंडावर बोलून रायली. परक्यासमोर गोड बोलली असती आन् घरी जाऊन नाई म्हटलं असतं. आयक. जागेश्वर बी परका नोता. माह्याच गावचा. पहिल्या साली तो बी हेच म्हने, तुमी रोवा, फोनचं मी पायतो.

उमेंद्र : म्हणजे मी आणि जागेश्वर एकच झालो.

शकुंतलाबाई : तसं नाई म्हटलं मी.

उमेंद्र : म्हटलंच की.

हर्षा : भाऊजी, तसं नाही. तुम्ही चांगलंच कराल, मला मालूम आहे. पण फोन तुमच्याकडे, चाबी तुमच्याकडे, पत्ता तुमच्या नावाचा. मग सोमवारी बायांना मी काय सांगू? की ठेकेदार बदलला?

उमेंद्र : चाय सांगू का?

शकुंतलाबाई : सांग. साखर कमी टाकाले सांगजो.

उमेंद्र : दाखवा तुमचं ते विदेशी. बघू तरी काय आहे त्यात.

हर्षा : हे बघा. चौदा दिवस फुकट आहे, आज नववा. फॉर्म मी बदलला. इथं लिहिलंय, 'पऱ्हे कधी टाकले?' इथं, 'पाणी तलावाचं का बोरचं?' तारीख ठेवलीच नाही. खाली लिहिलं, 'दिवस आम्ही फोन करून सांगू.'

शकुंतलाबाई : हे बराबर. असंच बोलतो आमी.

उमेंद्र : नंबर?

हर्षा : आईंचा. त्यांचा फोन दुपारी बांधावर राहते, चिखलात नाही पडत. ज्या बाईची कंबर धरली ती बसते तिथं, ती उचलेल.

शकुंतलाबाई : रोज एकीची तरी धरतेच.

उमेंद्र : ठीक आहे. फॉन्ट जरा मोठा करावा लागेल. म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे वाचता येणार नाही. आणि हे रिकामं पान काय आहे?

हर्षा : तेच अडून राहिलंय. 'आमची माणसं.' तुमच्यात पण आहे ना?

उमेंद्र : माझ्यात आहे, पण पाच जणांचंच. हॉलवाल्याला किती लागतात? मालक, मॅनेजर, आचारी. पाचवर सहावा घेत नाही.

हर्षा : ह्यात कितीही टाका. म्हणून मला बावीसच्या बावीस टाकायच्या होत्या. आईंना म्हटलं, नावं सांगा. तर आई म्हणतात, वही घे.

उमेंद्र : मग वही घ्या ना.

हर्षा : आणली आहे. ही हजेरीची वही. वाचा तुम्हीच.

उमेंद्र : 'आमगाववाली. कामठावाली. फुलचूरवाली. रावणवाडीवाली. सालेकसावाली. काटीवाली लहान, काटीवाली मोठी...' मावशी, ही नावं आहेत का गाड्यांचं टाइमटेबल?

शकुंतलाबाई : जे जिथून लगन होऊन आली तिथली वाली. सगळेच तसे म्हनतेत. तुह्या आईले का म्हनतेत गावात?

उमेंद्र : आईला... हां. आईला पण तसंच म्हणतात.

हर्षा : मला आमगाववाली नाही म्हणता येत, कारण आमगाववाली आधीच आहे. मी 'नवी आमगाववाली'. सात वर्षं झाली, अजून नवीच.

उमेंद्र : पण खरी नावं सांगा ना, मावशी. तुम्हाला तर मालूम असतील.

शकुंतलाबाई : सालेकसावालीचं मालूम हाय. सुशिलाबाई. ते दवाखान्यात भरती होती तवा नर्सनं हाक मारली म्हनून समजलं. बाकीच्याइचं... कधी कामच नाई पडलं गा.

उमेंद्र : बारा साल.

शकुंतलाबाई : हाव, बारा साल. आता तोंडावर नको मारू माह्या.

हर्षा : फोन लावू या ना, आई. एकेकीला. आता दुपारी सगळ्या घरीच असतील.

शकुंतलाबाई : काय म्हनू? एवढ्या सालानं नाव पुसू?

हर्षा : लावून देते. काटीवाली लहान.

शकुंतलाबाई : थांब वं... हॅलो. काटीवाली? हाव, मीच. गोंदियाले आली. आयक, तुह्यं नाव काय वं? ... नाव. ... अवो त्याचं नाई, तुह्यं. ... हासू नको, लिवाचं हाय. ... थांब. पुसून रायली, माहेरचं सांगू का सासरचं?

उमेंद्र : दोन-दोन?

शकुंतलाबाई : लगन लागलं का नवरदेवाकडचे नवं ठेवतेत ना. हर्षाचं राहिलं, कारन मी बदलू नाई देलं. चांगलं होतं, कायले बदलाचं?

हर्षा : तिला जे आवडते ते सांग म्हणा.

शकुंतलाबाई : तुले जे गोड वाटते ते सांग. ... हाव. ... बरं. ... बरं, तसंच लिवतो. ठेवतो. लिव, उमेंद्र. चेतना.

उमेंद्र : चेतना. सासरचं काय होतं?

शकुंतलाबाई : आचल. ते नको म्हनते. चेतनाच पायजे. म्हनते, नऊ साल झाले, त्या नावानं हाक मारनारी तिची मायच होती, ते बी मेली.

हर्षा : आई...

शकुंतलाबाई : नऊ साल माह्या उजव्या बाजूनं रोवते हे पोरगी. माही पाठ धरली का तेच बाम लावून देते. तिच्या हाताची रेघ अन् रेघ ओळखतो मी. आन् नाव आज समजलं. लाज वाटते मले.

उमेंद्र : असू द्या, मावशी. आज समजलं ना. वहिनी, तो लॅपटॉप द्या इकडं. तुमचं टायपिंग बैलगाडीचं आहे. तुम्ही फोन लावा, मी लिहितो. पुढची कोण?

हर्षा : फुलचूरवाली.

शकुंतलाबाई : हॅलो, फुलचूरवाली... हाव. आयक वं, तुह्यं नाव... ... काऊन? ... असं काय करते? सगळ्याइचं लिवून रायलो. ... बरं. ... बरं बाई, तुह्या मनानं. ... नाई सांगत.

उमेंद्र : का?

शकुंतलाबाई : म्हनते, फुलचूरवालीच लिवा. माय-बाप गेले, भावानं घर विकलं, आता माहेरचं एवढंच राहिलं माह्याजवळ. ते नका काढू.

हर्षा : मग तेच लिहा, भाऊजी.

उमेंद्र : लिहिलं. फुलचूरवाली. पुढं?

हर्षा : रावणवाडीवाली.

शकुंतलाबाई : हे भांडीन पायजो. ... हॅलो. मी बोलून रायली. नाव सांग तुह्यं. ... कायले म्हंजे? मोबाइलात टाकाले. आपल्या सगळ्या बायाइचं. ... हाव, सगळ्या जगाले दिसते म्हनते हर्षा. ... हाव. ... हिरकन? ... किती चांगलं हाय वं. ... सोमवारी दाखवते ना हर्षा. ... बरं. ... बरं, तुह्या मनानं. लिव. हिरकनबाई.

उमेंद्र : हिरकनबाई. भांडली नाही?

शकुंतलाबाई : नाई. उलट साइटचा पत्ता लिवून मांगते. तिची पोरगी रायपूरले नर्सचं शिकते. हिच्याजवळ बटनाचा फोन. मी म्हटलं, सोमवारी हर्षाच्या मोबाइलात पाय. नाई म्हनते. पोरगी दिवाळीले येते, तवा तिच्या फोनवर, तिच्याच बाजूले बसून पाहीन म्हनते.

हर्षा : कामठावालीला लावते.

उमेंद्र : लावा, लावा. चाय थंडी झाली, मावशी. छोटू, तीन चाय आणखी!

शकुंतलाबाई : हॅलो...

उमेंद्र : (तासाभरानं) एकवीस झाल्या. आणि काटीवाली मोठी नाही उचलत, तिचं सायंकाळी घ्या. हे बघा. पान भरलं. फोटो सोमवारी काढा सगळ्यांचा, उभ्यानं काढा. रोवतानाचा काढला तर नुसत्या पाठी दिसतात.

हर्षा : मालक म्हणून कोणाचं टाकू, आई? इथं एक जागा आहे.

शकुंतलाबाई : रिकामी ठेव. मालक शेतकरी राहते.

उमेंद्र : मग मावशीचं नाव सगळ्यांत वर टाकतो, गटाची मुकादम म्हणून. हरकत नाही ना?

शकुंतलाबाई : वर नको. ज्या लायनीत रोवतो त्या लायनीत टाक. चेतनाच्या डाव्या बाजूले.

हर्षा : आता राहिलं ते पैसे भरणं. फुकटचे पाच दिवस उरले आहेत.

उमेंद्र : ते मी सांगतो, ऐका. आता माझा काही स्वार्थ नाही त्यात. महिन्याचं पण आहे आणि सालाचं पण. तुम्ही महिन्याचं घ्या. जून, जुलै, ऑगस्ट, बस. रोवणा संपला की बंद करून टाका. पुढच्या साली पुन्हा चालू. नऊ महिने रिकाम्या साइटचे पैसे कशाला भरायचे?

हर्षा : हे पटते मला.

शकुंतलाबाई : हाव, बराबर हाय. रोवना झाल्यावर कोन पायते? तीन महिन्याचं कर.

उमेंद्र : करतो. वहिनी, मोबाइल द्या, ओटीपी येईल.

शकुंतलाबाई : उमेंद्र.

उमेंद्र : हां?

शकुंतलाबाई : बंद केलं का हे नावं कुठं जातेत?

उमेंद्र : कुठं जात नाहीत. आतमध्ये राहतात. फक्त पान उघडत नाही. कोणी पत्ता टाकला तर कोरं दिसते.

शकुंतलाबाई : कोरं.

उमेंद्र : हां. पुढच्या जूनपर्यंत.

हर्षा : काय झालं, आई? ओटीपी आला. टाकू?

शकुंतलाबाई : थांब. हिरकनची पोरगी दिवाळीले येते ना. सालाचं घे.